पडवीतला मुराळी

दिवाळीत लेकीला सासरहून न्यायला तिचा भाऊ येतो. त्याला मुराळी म्हणतात. मला भाऊ नाही. लग्नानंतरची पहिली दिवाळी चुलतभावाच्या भरवशावर निघाली. दुसऱ्या दिवाळीत तो निफाडकडे द्राक्षाच्या छाटणीला गेला होता, आणि मी नाशकात द्वारकेच्या आमच्या घरात ओट्यावर, भरलेल्या पिशवीशेजारी बसून राहिले. भाऊबीज संपली, लोकांच्या बहिणी परतही आल्या, तेव्हा कुठे मी पिशवी उपसली आणि लाडवांचा डबा फळीवर ठेवून दिला.

तुम्ही म्हणाल, एसटी नव्हती का? होती की. द्वारकेहून रिक्षा, स्टँडवरून हरसूलची गाडी, दुपारी जेवायला माहेरी. पण आत्याबाईंचा कायदा होता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. "मुराळी आल्याबिगर लेक माहेरी जात नाय. हाकलून दिली म्हणतील." बरं, नवऱ्याने सोडायला यावं तर तेही नाही. "मग तर पोचती केली म्हणतील." नवरा अंबडच्या कंपनीत फिटर, दिवसभर मशीनशी भांडून आलेला माणूस. आईशी भांडायला त्याच्यात जीव उरत नसे.

मी मात्र भांडखोर आहे. लहानपणापासून आहे. पण त्या दिवाळीला भांडले नाही, कारण रडू येत होतं आणि रडत रडत भांडलेलं मला आवडत नाही.

आमच्या पडवीत सासऱ्यांची सायकल उभी होती. काळी, उंच, दांड्याची, पुढे दिवा आणि मागे रुंद कॅरिअर. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेले. तेव्हापासून सायकलवर गोणपाट टाकलेलं होतं आणि गोणपाटावर कांदे. त्याच हिवाळ्यात मला अंबडला पॅकिंगमध्ये काम लागलं. जायची बस एक तर भरून यायची, नाही तर यायचीच नाही. एका सकाळी मी कांदे उतरवले, गोणपाट काढलं आणि आत्याबाईंना विचारलं, "ही घेऊ का?"

त्यांनी पदराने सीटवरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, "त्यांना खरखर आवडत नव्हती. आवाज काढलास तर परत ठेवून देईन."

एवढंच. तेवढं मला पुष्कळ होतं.

सायकल मला येत होतीच. हरसूलला आमच्या बाबांनी शिकवली होती, दांड्याखालून पाय घालून मारायच्या वयात. पण चालवणं वेगळं आणि राखणं वेगळं. पुढच्या रविवारी मी ती पडवीत उलटी केली. चाकं काढली, बेअरिंगचे छर्रे रॉकेलच्या वाटीत धुतले, एकेक छर्रा बोटांवर फिरवून बघितला, ग्रीस भरलं, छर्रे दाबून धरणारे कोन असे आवळले की चाक डुलणार नाही आणि अडणारही नाही. नवरा त्याचा पाना माझ्या हातात देत म्हणाला, "फिटर मी आहे की तू?" मी म्हटलं, "कंपनीत तू. पडवीत मी." शेवटी चाक हवेत फिरवलं तर ते फिरतच राहिलं, आवाज न करता. आत्याबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. ऐकण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच त्या ऐकत होत्या.

मग वर्षभर रोज अंबड. मुंबई नाक्यावरून पुढे, हायवेच्या कडेने, ट्रकांच्या भोंग्यांना न जुमानता. सुरुवातीला पोटऱ्या दगड व्हायच्या. मग त्याच पोटऱ्या चढ आला की आपोआप वाकायच्या आणि मला न विचारता काम करायच्या. कंपनीतल्या बायका हसायच्या, माझ्या सलवारीवरचे तेलाचे डाग दाखवायच्या. बस चुकून त्या धावत गेटवर यायच्या तेव्हा मी डबा ठेवून, केस नीट करून बसलेली असायचे. हसायला मलाही येतं.

तिसरी दिवाळी जवळ आली. चुलतभावाचा निरोप आला की या वर्षीही जमणार नाही. आत्याबाईंनी करंज्या लाटता लाटता माझ्याकडे बघितलं, की आता ही रडणार.

मी म्हटलं, "आत्याबाई, मुराळी आलाय."

"कुठंय?"

"पडवीत उभा आहे. वर्षभर आपल्याकडेच राहतोय."

त्यांनी लाटणं खाली ठेवलं. आधी कळेना, मग कळलं, मग त्या अशा हसल्या की करंजीचं सारण पदरावर सांडलं. पण हसण्यावारी नेऊन विषय संपवतील त्या आत्याबाई कसल्या! डोळे पुसून त्या सरळ बसल्या. "बरं. मुराळी तो. पण मुराळी असतो तो लेकीला दारापासून दारापर्यंत नेतो. वाटेत दुसऱ्याच्या गाडीत घालत नाय. तू जर कुणाच्या जीपमधी बसून हरसूलला पोचलीस, तर पुन्हा सायकलचं नाव काढायचं नाय. माणूस येईल तवाच जायचं. येईल त्या वर्षी."

येईल त्या वर्षी! म्हणजे कधीच नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मी "कबूल" म्हणून टाकलं. नवरा म्हणाला, "वाघेऱ्याचा घाट बघितलायस का?" घाट माझ्या माहेरचा, विचारतोय मला!

आठवडाभर मी सायकलच्या मागे होते. ब्रेकचे रबर नवे घातले, चेन काढून धुतली, पंपाचा वॉशर बदलला. पिशवीत पंक्चरचं सामान, पाना, आणि आत्याबाईंनी आईसाठी बांधून दिलेलं: लाडू, चिवडा, एक उटण्याची मोठी पुडी. कंपनीत मी ड्रेस घालत असे, पण ड्रेसवर माहेरी जायचं म्हटल्यावर आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनीच पेटी उघडली आणि स्वतःचं हिरवं नऊवारी काढलं. "काष्टा घाल. दांड्यावरून टांग टाकायला याच्यासारखं काय नाय." आणि खरंच नव्हतं.

भाऊबीजेच्या पहाटे उठले तर सायकल पडवीतून अंगणात आलेली. समोर पाट, पाटाभोवती रांगोळी, हँडलला झेंडूची माळ. आत्याबाई माझ्याआधी उठून बसल्या होत्या. भाऊबीजेला भावाला तेल लावून न्हाऊ घालतात, मग हा कसा कोरडा राहील? त्यांनी तिळाचं तेल कोमट करून सबंध सायकलला चोळलं होतं. दांडा, मडगार्ड, कॅरिअर, चाकं, सगळं दिव्याच्या उजेडात चमकत होतं. म्हणाल्या, "उटणं लावायचं राहिलं बघ. तू उठलीस." मग आम्ही दोघींनी त्या काळ्या मुराळ्याला ओवाळलं. हँडलला कुंकू लागलं. लाडू त्याला दाखवून माझ्या तोंडात गेला. नवरा ब्रश तोंडात धरून बघत राहिला होता. मला इतका आनंद झाला होता की चमकणाऱ्या चाकांकडे बघून मला एवढंच सुचलं, की काय सुंदर दिसतेय माझी सायकल!

गंगापूर रोडला गार वारा होता आणि रस्ता माझा एकटीचा होता. एका गतिरोधकावर ब्रेक जरा सैल वाटले. म्हटलं, नवे रबर आहेत, घासून बसतील. धरणाकडून धुकं वर येत होतं. गिरणारे आलं तेव्हा चांगलं उजाडलं होतं आणि बाजारात टोमॅटोची क्रेटं रचायचं काम चाललं होतं. नऊवारीतली बाई, माळ घातलेली सायकल, हँडलला कुंकू. क्रेटं उचलणारे हात जागच्या जागी थांबले. एक म्हातारे आजोबा ओरडून विचारते झाले, "कुठं गं माय?" मी म्हटलं, "माहेरी!" आणि ते असे खूश झाले की जणू त्यांचीच लेक निघाली होती.

गिरणाऱ्याच्या पुढे चढ लागला. अर्धा मी मारत चढले, अर्धा ढकलत. ढकलण्यात कमीपणा नाही. मुराळीसुद्धा घाटात पिशवी या हातातून त्या हातात घेतोच. वर पोचले आणि समोर माझा मुलूख पसरलेला. पिवळं पडलेलं भात, उतारावरची काळपट नागली, मधे मधे कापणीला वाकलेली माणसं. खिंडीत कुणी नव्हतं म्हणून मी मोठ्यांदा ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

आणि उतारावर सायकल सोडली.

पहिलं वळण झोकात घेतलं. दुसऱ्या वळणाआधी ब्रेक दाबला, तर काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. रबर रीमला लागत होतं, पण नुसतं घसरत होतं, आणि माझा मुराळी सुटला होता. तेव्हा डोक्यात लख्ख उजेड पडला: तेल! आत्याबाईंनी मायेने चाकांच्या रीमसुद्धा चोळल्या होत्या. मी चपला रस्त्यावर घासल्या, एक चपल गेली. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला रस्त्याच्या कामाचा मुरमाचा ढीग. मी उजवीकडे घातली. चाक मुरमात रुतलं, मी दांड्यावर आपटले आणि सायकलसकट आडवी झाले. कोपर सोललं. झेंडूची माळ तुटून फुलं रस्त्यावर पसरली.

मागून काळी-पिवळी जीप आली, दिवाळीला निघालेल्या माणसांनी खच्चून भरलेली. ड्रायव्हर उतरला, चांगला माणूस होता. "ताई, लागलं नाय ना? सायकल टपावर टाकतो. हरसूलला सोडतो, पैसे नका देऊ." आतल्या बायका सरकून जागा करू लागल्या. एकीने तर मांडीवरचं मूल दुसरीकडे दिलं. एवढंच करायचं होतं, की आत बसायचं. आत्याबाईंना कोण सांगणार होतं? पण खोटं बोलून मिळवलेलं माहेर मला नको होतं. आणि त्याहून खरं सांगायचं तर मला हरायचं नव्हतं.

मी म्हटलं, "दादा, तुम्ही व्हा पुढे. मी माझ्या मुराळ्याबरोबर आलेय."

त्यांनी इकडे तिकडे बघितलं. मुराळी कुठेच दिसेना. जीप गेली.

आता तेल कशाने काढणार? मातीने घासलं तर तेलात माती कालवून आणखीच चिखल. पिशवी उघडली, चिंधी शोधायला म्हणून, तर हाताला पुडी लागली. मी ती हातात धरून बसले आणि खदाखदा हसत सुटले. अंगावरचं तेल आपण कशाने काढतो? आत्याबाईंचं अभ्यंग अर्धंच झालं होतं की!

कडेच्या ओघळाला अजून पाणी होतं. सायकल उलटी केली, ओंजळीने पाणी आणलं आणि दोन्ही रीमना उटणं चोळलं. आतून, बाहेरून, एकेका स्पोकच्या मुळाशी. ब्रेकचे रबर काढून दगडावर घासले. सगळ्या घाटात उटण्यातल्या कपूरकाचरीचा वास सुटला. मग पुन्हा पाणी, मग नऊवारीच्या पदराने कोरडं, मग ऊन. चाक फिरवून ब्रेक ओढला तर ते जागच्या जागी थांबलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, कोरड्या रबराचा, नीट पकडीचा. जगातल्या कुठल्याही वाद्यापेक्षा मला तो आवाज आवडतो.

उरलेला घाट मी एका चपलेवर उतरले.

बाबा खळ्यावर भात झोडत होते. घंटी ऐकून त्यांनी मान वर केली. आधी सायकलकडे बघितलं, मग रस्त्याकडे, माझ्यामागे कोण येतंय ते. कुणी येत नव्हतं. "एकटीच आली?"

"मुराळी घेऊन आले." मी सायकल त्यांच्यासमोर उभी केली.

माणूस बोलणारा नव्हे. त्यांनी चाक उचललं, फिरवलं, कान लावला. "लय भारी ठेवलीय," एवढं म्हणाले आणि डोळे पुसायला पाठ फिरवली. आईने दारातच माझ्यावरून आणि सायकलवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. उटण्याची पुडी निम्मी कशी, ते तिला संध्याकाळपर्यंत सांगत होते.

दोन दिवस राहून तोच घाट चढून मी नाशकाला परतले. आत्याबाई ओट्यावरच होत्या. त्यांनी काही विचारायच्या आत मी तेलाची सगळी गोष्ट सांगितली, जीपसकट. मला वाटलं हसतील. त्या उठल्या आणि रीमवरून बोट फिरवून बघत राहिल्या. "माझ्या तेलानं मेली असतीस," म्हणाल्या. मी म्हटलं, "तुमच्या उटण्यानं वाचले." त्यांनी माझं सोललेलं कोपर हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. कायद्याचा विषय त्या दिवसापासून घरात निघाला नाही.

पुढच्या दिवाळीत मी पिशवी भरत होते, तर माझ्या पिशवीशेजारी दुसरी पिशवी येऊन बसली. आत्याबाईंची. त्यांचं माहेर म्हसरूळच्या पुढे, दिंडोरीच्या रस्त्याला. एकुलता एक भाऊ गेला, आणि तेव्हापासून त्या गेल्या नव्हत्या. स्वतःचाच कायदा स्वतःला लावून बसल्या होत्या, इतकी वर्षं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"तुझा मुराळी एक दिवस मला देशील का?" त्यांनी विचारलं. खाली बघून विचारलं.

कॅरिअरवर गोधडीची घडी बांधली. त्या सवयीने एका बाजूला पाय करून बसल्या. सासऱ्यांच्या मागे अशाच बसत असतील. म्हसरूळच्या चढाला मी सायकलवरून उतरू लागले तर मागून आवाज आला, "मार की, मी काय जड हाय का?" मारली. बापरे, जड होत्या! पण मारली.

गावाच्या पारावर म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीने डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि ती उभीच राहिली. "अगं बया, तूच का? किती वर्षांनी! कोण गेलं होतं तुला आणायला?"

आत्याबाई कॅरिअरवरून उतरल्या, पदर नीट केला. मग सगळ्या पारासमोर त्यांनी घाम पुसत उभ्या असलेल्या माझा दंड धरला.

"ही काय," त्या म्हणाल्या. "हा माझा मुराळी."