दत्ताचा पाय लागला होता का?

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. महाडच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मी सतरा वर्षं केमिस्ट आहे. जे मोजता येतं ते खरं, बाकीच्या सगळ्या गप्पा... असं म्हणणारा माणूस. इथले अनुभव वाचतानाही मी मनात म्हणायचो, बाबा, रात्रीचं जेवण जड झालं असेल तुला. त्यामुळे माझ्याबद्दल कोणी तसं म्हणालं तर तक्रार नाही. फक्त हे भर दुपारी घडलंय आणि मी उपाशी होतो.

आधी आमचा छंद सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. ट्रायल्स रायडिंग. नाव ऐकलं की लोक विचारतात, किती स्पीडने जाता? चालत्या माणसापेक्षा कमी! दगडधोंड्यांतून चुन्याने आखलेली वीस-पंचवीस पावलांची वाट असते, तिला सेक्शन म्हणतात. त्या वाटेने जमिनीला पाय न लावता गाडी न्यायची. पाय लागला की एक गुण चढतो, आणि ज्याचे गुण सगळ्यांत कमी तो जिंकला. मी हे सायकलवर करतो, दत्ता मोटरसायकलवर करायचा. माझी बायको म्हणते, चाळिशीतली माणसं गुडघ्याला तेल चोळतात, तुम्ही बसा दगडावर सायकल चढवत.

दत्ता उमरठच्या अलीकडच्या एका वाडीतला. मुंबईत दहा वर्षं गॅरेजमध्ये काढून परत आलेला. पावसाळ्यात भातशेती आणि बाकीचं वर्ष पोलादपुरात गाड्या दुरुस्त करणं. जुन्या मोटरसायकलची सीट काढून आणि सायलेन्सर वर उचलून त्याने ट्रायल्सची गाडी स्वतःच बनवली होती. दगडावर पकड बसावी म्हणून मागच्या टायरचे गट्टू, म्हणजे रबराचे उंचवटे, ब्लेडने कापले होते. एका बाजूचे दोन गट्टू चुकून तिरके कापले गेले, कारण टायर मी धरला होता आणि माझा हात हलला. त्यावरून त्याने मला वर्षभर पिडलं. "केमिस्ट, तुझ्या हातात टेस्ट ट्यूब तरी ऱ्हाते काय रे?" मला तो कधी नावाने हाक मारायचाच नाही.

जागा म्हणाल तर पोलादपूरहून महाबळेश्वरचा रस्ता घाट चढायला लागतो, त्याच्या थोडं अलीकडे, सावित्रीच्या पात्रात. पाऊस गेला की तिथलं पाणी एका कडेला सरतं आणि मोठाले काळे दगड उघडे पडतात. त्यातला मधला बसलेल्या म्हशीसारखा आहे, म्हणून आम्ही त्याला म्हैसच म्हणायचो. महिन्यातून दोन रविवार आम्ही पाच-सहा जण जमायचो.

पाय लागला की नाही यावरून आमच्यात फार भांडणं व्हायची. म्हणून दत्तानेच एक रीत पाडली. दगडांच्या भोवती ओली वाळू पसरायची आणि खराट्याने सारखी करायची. पाय टेकला तर पाऊल उमटतं, विषय संपला. वाळू टाकायची पाळी ज्याची, तोच त्या दिवशी पंच.

मागच्या मे महिन्यात, मोसमाच्या शेवटच्या रविवारी, पाळी माझी होती. ऊन मरणाचं. घमेलं घेऊन पाण्यापर्यंत चार-सहा खेपा कोण मारणार? मी म्हणालो, "वाळू कशाला, मला डोळे आहेत की." माझा आळस, दुसरं काय!

दत्ता म्हशीवरून खाली उतरत होता. मागचं चाक घसरलं, गाडी डावीकडे कलली आणि त्याचा डावा पाय दगडाशेजारी टेकला. मी पाहिलं. मी एक बोट वर केलं.

"पाय नाय लागला," दत्ता म्हणाला.

"लागला."

"नाय रे केमिस्ट. शप्पत. नुसता झोक गेला."

त्या दिवशी बाकी सगळ्या सेक्शनमध्ये त्याचा पाय लागला नव्हता. अख्ख्या मोसमात आमच्यातल्या कोणालाही जमलं नव्हतं ते त्याला जमत आलं होतं. मलाही ते कळत होतं. पण मीही अडून बसलो. सगळ्यांसमोर म्हणालो, "दत्ता, एका गुणासाठी खोटं बोलतोस? लाज वाटू दे."

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मी खोटा काय? बरं." हेल्मेट उचललं आणि गेला.

मग पाऊस लागला, नदी भरली, भेटायचं निमित्तच उरलं नाही. फोन त्याने करावा असं मला वाटत होतं. मी बरोबर होतो ना! जुलैत, लावणीच्या दिवसांत त्याला ताप आला. तिसऱ्या दिवशी मला कळलं की महाडला दवाखान्यात ठेवलंय. मी महाडातच राहतो. स्कूटरवर दहा मिनिटं. ताप काय, उतरेल, असं म्हटलं... आणि आधी त्याने फोन करायला हवा, हेही मनात होतंच, खोटं कशाला सांगू. तो ताप लेप्टोचा निघाला. मुंबईला न्यायला निघाले आणि माणगावच्या पुढे दत्ता उरला नाही.

दिवसकार्याला गेलो तेव्हा वैशालीवहिनींकडे, म्हणजे त्याच्या बायकोकडे, मला बघवलं नाही. रात्रंदिवस एकच घोकत होतो. पाय लागला होता ना? मी पाहिला होता ना? कधी वाटायचं, हो, स्पष्ट. कधी वाटायचं, ती दगडाची सावली असेल. मेलेल्या माणसाला मी विनाकारण खोटारडा ठरवला असेल तर?

शेवटी जानेवारीत एका रविवारी एकटाच सायकल घेऊन गेलो. डोक्यात लॅबचाच हिशोब होता. वाळू टाकायची, म्हशीवरून उतरायचं, एकदा पाय लावायचा, एकदा नुसता झोक द्यायचा, आणि मी उभा होतो तिथे मोबाईल ठेवून दोन्हींचं शूटिंग करायचं. नजर फसू शकते का, ते बघायचं. चुन्याने सेक्शन आखला, सहा घमेली वाळू टाकली. खराट्याने सारखी केली. मग हात धुवायला पाण्यावर गेलो, करंजाच्या सावलीत बाटलीभर पाणी प्यायलो. दहा मिनिटं. फार तर बारा. जागा तीस-चाळीस पावलांवर होती, फक्त म्हशीच्या आडोशाला. मोटरसायकलचा आवाज आला नाही. नदीत खाली उतरायला वाट एकच, ती माझ्या समोरून जाते.

परत आलो तर वाळूवर टायरचा माग होता.

माझी सायकल करंजाला टेकलेली. आणि हा माग मोटरसायकलचा, रुंद. चुन्याच्या रेघेपासून आत आलेला, म्हशीवर चढलेला, पलीकडे उतरलेला. उतरल्यावर एका जागी चाक खोल रुतलं होतं. गाडी जागच्या जागी तोलून धरली की रुततं, तसं. आणि चाकाच्या दर फेऱ्याला, एका कडेला, दोन तिरके गट्टू. माझ्या हलल्या हाताचे.

मी गुडघ्यावर बसलो आणि डावी बाजू बघितली. तीनदा बघितली. खराट्याच्या रेघा जशाच्या तशा होत्या. पाऊल कुठेही नव्हतं.

त्या उन्हात एकटा बसून मी मोठ्याने रडलो. दत्ताची माफी मागितली. फोटोही काढले, त्यात सगळं नीट दिसतं. पण त्याने काय सिद्ध होतं? कोणीही म्हणेल, एक मोटरसायकल येऊन गेली.

तिथून थेट दत्ताच्या घरी गेलो. वहिनी अंगणात होत्या. मी म्हणालो, दत्ताची गाडी बघायचीय. त्यांनी काही न विचारता गोठ्याकडे नेलं. गाडी ताडपत्रीखाली होती आणि तिच्यावर पेंढा रचलेला. चेन गंजून लाल झालेली, मागच्या टायरमध्ये हवा नाही. दोन तिरके गट्टू तिथेच होते, कोरडे, धुळीने भरलेले.

मला राहवलं नाही. म्हणालो, "वहिनी, मी त्याला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणालो होतो. चूक माझी होती. त्याचा पाय लागला नव्हता."

वहिनींनी ताडपत्रीचं टोक परत खाली ओढलं. मग म्हणाल्या, "लागलेला, भावोजी."

"काय?"

"पाय लागलेला. त्याच रात्री मला बोलले ते. जेवले पन नाय. बोलले, केमिस्ट बरोबर हाय, मीच खोटा बोललो, सगल्यांसमोर आता कसा सांगू? मी बोलले, फोन करा. तर बोलले, फोनवर नाय, पाऊस गेला की सेक्शन परत मारतो त्याच्यासमोर, पाय न लावता. मग बोलतो त्याच्याशी."

मी पेंढ्यावर हात ठेवून उभा राहिलो. टायरच्या मागाबद्दल मी त्यांना काहीच सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही.

मी निघताना त्या पुढे म्हणाल्या, "दवाखान्यात दोनदा इचारला त्यांनी. केमिस्ट आला काय?"

एवढंच आहे. सारख्या टायरची दुसरी गाडी असेल, कोणीतरी थट्टा केली असेल, ऊन लागलं असेल... सगळं ताडून बघितलं, कशातच बसत नाही. मी स्पष्टीकरण मागायला हे लिहिलेलं नाही. माझ्या डोळ्यांनी त्या दिवशी बरोबर पाहिलं होतं, मी बरोबर होतो, हे आता पक्कं झालंय. त्या बरोबर असण्याचं मी काय करू, एवढं कोणाला ठाऊक असेल तर सांगा.