रोबोटचा डावा खांदा

तो रोबोट आजही डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण बेसा भागातल्या एका घरातून भर दुपारी, घरभर पाहुणे असताना नाहीसा झालेला तो कमरेएवढ्या उंचीचा खेळण्यातला रोबोट जसाच्या तसा आठवतो. त्याला कारणं दोन. एक, तो गुन्हा मी उघडकीस आणला. दुसरं, पेपरात तो भलत्याच माणसाच्या नावावर छापून आला.

मी शिपाई म्हणून भरती झालो. ठाण्याच्या दारावर पहारा दिला, समन्स वाटले, खात्याच्या परीक्षा देत देत निवृत्तीच्या तोंडाशी उपनिरीक्षक झालो. त्या वर्षी आमच्या तपास पथकावर थेट परीक्षेतून खात्यात आलेला सहायक निरीक्षक नेमला गेला. वयाने माझ्या मुलाएवढा. इंग्रजी फाडफाड. मला सगळ्यांसमोर ‘काका’ म्हणायचा. लोकांना त्यात आपुलकी दिसायची. मला त्यात माझा हुद्दा गायब झालेला दिसायचा.

फिर्यादी चाळिशीचा माणूस होता. संगणकावर खेळण्यांची रचना करणं हा त्याचा धंदा. त्याच्या वडिलांचं इतवारीत खेळण्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या काचेत एक जपानी बनावटीचा मोठा रोबोट उभा असायचा. हातपाय दुमडले की त्याचं रेल्वेचं इंजिन व्हायचं. किंमत अशी की तो कधी विकलाच गेला नाही. गल्लीतली पोरं काचेला नाक लावून बघत राहायची. जगभर अशी काचेला नाक लावलेली पोरं आता मोठी झाली आहेत, हातात पैसा आला आहे आणि त्यांना तो रोबोट घरात हवा आहे, असं त्याने मला सांगितलं. त्यांच्यासाठी तो हा रोबोट नव्याने घडवत होता.

मी विचारलं, “जुना मिळते ना बाजारात? मग नवा कायले बनवता?”

“साहेब, जुना हातात घेतला की लोक नाराज होतात. गुडघे ढिले, हात फक्त वर-खाली, तोंड अर्धं झाकलेलं. त्यांले जुना नाही पाहिजे. लहानपणी तो जसा वाटायचा, तसा पाहिजे.”

त्याने नव्याला बोटं हलणारी दिली होती, कमरेत दातेरी सांधे बसवले होते, म्हणजे एका पायावरही उभा राहील. रंग तोच, नारिंगी आणि निळा. हाताने घडवलेला एकच नमुना होता आणि पुढच्या आठवड्यात मुंबईत एका परदेशी कंपनीची माणसं तो बघणार होती. नमुना नाही दिसला तर काम दुसऱ्याकडे जाणार होतं. नोकरी सोडून तो याच्या मागे लागला होता. बायको दारात उभी राहून ऐकत होती. तिच्याकडे बघून कळत होतं की हा रोबोट गेला तर यांचं घरच हलेल.

चोरी झाली तो महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. गौरी-गणपतीतल्या महालक्ष्म्या आमच्याकडे घरच्या थोरल्याकडे बसतात. या घरात मात्र त्या वर्षी पहिल्यांदा त्या धाकट्याच्या, म्हणजे फिर्यादीच्या नव्या घरी बसल्या होत्या. घर मोठं, म्हणून. पंगतींवर पंगती उठत होत्या. वरच्या मजल्यावरच्या कामाच्या खोलीला फक्त कडी होती.

पंचनामा करताना फरशीवर मला चिंचोक्याएवढा नारिंगी तुकडा सापडला. फिर्यादीने तो उचलून घ्यायला हात पुढे केला, मी त्याच्या हातावर चापट मारली. “पुरावा हाय तो. लांबून पाहा.”

त्याने वाकून पाहिलं आणि त्याचा चेहराच पडला. “हा डाव्या खांद्याचा दाता हाय, साहेब. छाती न उघडता खांदा आत दाबला कोणी तरी.”

“असं कोण करन?”

“जुना बंद करायची, म्हंजे दुमडून इंजिन करायची, ज्याले सवय असन तो. जुन्यात पहिले कमर फिरवायची, मग डावा खांदा आत. नव्यात मी पहिले छाती उघडायची ठेवली. जोर लावायची गरजच नाही.”

“मग जुन्याले कोणाचा हात लागे?”

“कोणाचाच नाही. बाबा फक्त मलेच खेळू द्यायचे.”

हे तो सहज बोलून गेला. मी ते डोक्यात ठेवलं.

दुसरी गोष्ट मी तिथेच पाहिली. जुना रोबोट त्याच खोलीत, कपाटावर उभा होता. चोराने त्याला हात लावला नव्हता. मी भाजीपासून भंगारापर्यंत सगळ्याचा भाव करत मोठा झालेला माणूस आहे. मी फिर्यादीला विचारलं, आज विकायला काढलं तर जास्त कशाचे येतील? तो म्हणाला, जुन्याचे. नवा तर अजून कोणी पाहिलाही नाही. म्हणजे चोराला विकायचं नव्हतं. त्याला फक्त हे काम अडवायचं होतं. परक्याला एवढी गरज नसते.

मी हे ठाण्यात येऊन त्या तरुण साहेबाला सांगितलं. साहेब संगणकावर गल्लीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहत होता. त्याचा संशय जुनी खेळणी जमवणाऱ्या पुण्याच्या एका संग्राहकावर होता, ज्याने फिर्यादीला सतत फोन केले होते. कॅमेऱ्यात मोठी पिशवी घेऊन कोणीही बाहेर पडताना दिसत नव्हतं. फक्त दुपारनंतर स्वयंपाकाची भांडी भरलेला एक टेम्पो गेला होता.

“टेम्पो कोणाचा?” मी विचारलं.

“फिर्यादीच्या मोठ्या भावाचा. इतवारीत त्याचं भांड्यांचं दुकान आहे, जेवणावळींना गंज, म्हणजे मोठी पातेली, भाड्याने देतो. काका, तो सख्खा भाऊ आहे.”

“म्हणूनच विचारून राहिलो.”

तो हसला. शिपाई आत चहा घेऊन आला होता, तोही हसला. माझं डोकं तिथेच फिरलं. मी फाइल टेबलावर आपटली आणि बाहेर पडलो. नंतर साहेबाने ठाणेदाराजवळ माझ्या रागाबद्दल तक्रार केल्याचं कळलं. माझ्या तपासाबद्दल त्याने कोणाजवळ काही म्हटल्याचं मात्र कधी कळलं नाही.

इतवारीत माझा एक खबरी होता, हातगाडी ओढणारा. त्याला मी त्या दुकानावर नजर ठेवायला सांगितलं. तो दोन दिवसांत ठाण्याबाहेरच्या टपरीवर आला आणि भाव सांगायला बसला.

“माही गाडी अतिक्रमणवाल्यानं उचलली, साहेब. सोडवून द्या.”

“पहिले खबर.”

“खबर पक्की हाय. गाडी?”

“चाकं आज सोडवतो. दांडे खबर खरी निघाल्यावर.”

“बिनदांड्याची गाडी ओढू काय गा मी?”

“मग खबर ठेव तुह्यापाशी. लोणचं घाल.”

तो कुरकुरला, पण बोलला. महालक्ष्म्यांच्या घरून आलेले सगळे गंज त्याच्याच गाडीवरून धुवायला गेले होते. एक सोडून. आंबिलीचा सगळ्यात मोठा गंज मालकाने टेम्पोतून उतरूच दिला नव्हता. तो थेट लकडगंजच्या गोदामात गेला होता. “आंबिलीचं भांडं दुसऱ्या दिवशी नाकाजवळ नेता येत नाही, साहेब. न धुता कोण ठेवन?” मी मनात म्हटलं, भांडं अगोदरच पुसून कोरडं केलं असेल तरच. आणि पंगती चालू असताना एवढा मोठा गंज कोण पुसतं?

मी थोरल्याला जबाबासाठी बोलावलं. पन्नाशी ओलांडलेला, स्वच्छ शर्ट, हिशेबी डोळे. असली माणसं मी ओळखतो. मीही त्यांच्यातलाच आहे.

“खोलीत गेले होते काय तुम्ही?”

“नाही. मी खाली वाढून राहिलो होतो. विचारा कोणालेही.”

“रोबोट पाहिला?”

“पाहिला असन. मले काय करायचं? आयुष्यात कधी हात नाही लावला त्या खेळण्याले. माहं खेळायचं वय दुकानातच गेलं.”

हे वाक्य मी हवालदाराकडून जसंच्या तसं लिहून घेतलं. मग जुना रोबोट मागवला. फिर्यादीकडून तो मी आधीच आणून ठेवला होता. टेबलावर उभा केला आणि म्हणालो, “मुद्देमालाच्या कपाटात मावत नाही हा. बंद करावं म्हणतो.”

मी मुद्दाम उजवा हात पिळला. मग डोकं दाबलं. मग पाय. थोरला भिंतीकडे बघत होता. मी पुन्हा उजवा हात पिळला, प्लास्टिक करकरलं.

“मोडन ना ते!” तो म्हणाला.

“मोडू दे. जुनं तर हाय.”

“अहो, काहून जोर लावून राहिले? सोडा. सोडा म्हणतो ना!”

त्याने तो माझ्या हातून अक्षरशः हिसकावला. कमर फिरवली, डावा खांदा आत, उजवा आत, डोकं खाली, पाय वर. बघता बघता टेबलावर इंजिन उभं. न बघता, एका दमात, जशी घरची बाई पोळी उलटते.

मी नारिंगी दाता त्याच्यासमोर ठेवला. “नवाही असाच बंद केला ना? कमर, मग डावा खांदा?”

त्याने इंजिनावरचा हात काढून मांडीवर ठेवला. मी पाणी दिलं नाही, चहाही दिला नाही. माझा अनुभव असा की अशा वेळी माणसाला काही दिलं की तो सावरतो.

“रोज संध्याकाळी दुकान वाढवताना तो कोण बंद करे?” तो शेवटी म्हणाला. “मी. बाबा गल्ल्यावर, मी काचेत वाकून. आवरायचा, डब्यात घालायचा, शटर ओढायचं. सकाळी मी शाळेत. बाबा धाकट्याले मांडीवर घेऊन तो उघडत. मले एकदाबी उघडू नाही देला. म्हणे तू मोठा हाय, तू आवर.”

“मग आता काय झालं?”

“पेपरात ह्याची मुलाखत आली. ‘बाबांनी माह्या हातात रोबोट दिला,’ म्हणे. फोटो ह्याचा. दुकान ह्याचं. मी कुठंच नाही. दुकान बुडालं तेव्हा गंज भाड्यानं देऊन ह्याची कॉलेजची फी कोणं भरली? महालक्ष्म्याबी ह्याच्याच घरी गेल्या. मी फक्त भांडी घेऊन.” तो माझ्याकडे बघून म्हणाला, “पंगतीच्या गडबडीत वर गेलो. पाहिला. ह्या जुन्यापेक्षा हजारपट चांगला केला साल्यानं. मग राहावलं नाही.”

लकडगंजच्या गोदामात, पंचांसमक्ष, आम्ही गंजाचं झाकण उघडलं. नवा रोबोट एका जुन्या चादरीत नीट गुंडाळलेला होता. डावा खांदा सोडला तर त्याला ओरखडाही नव्हता. रागाने चोरलेली वस्तू कोणी चादरीत गुंडाळत नाही, हे मी पंचनाम्यात लिहू शकलो नाही. तसा रकाना नसतो.

धाकट्याला ठाण्यात बोलावून सांगितलं, तेव्हा तो खुर्चीत बसलाच नाही. “दादा? दादा काहून करन?” मग मी थोरल्याचा जबाब वाचून दाखवला. तो ऐकत होता आणि हातातला मोबाइल उगाच उलटसुलट करत होता. “मले माहीत नव्हतं,” एवढंच म्हणाला. माझ्या मते त्याला माहीत असायला हवं होतं. रोज संध्याकाळी ते खेळणं आपोआप डब्यात जात नव्हतं.

दुसरं एक त्याच्या लक्षात आलं आणि मला सांगायला तो दोनदा ठाण्यात आला. दादाच्या हाताने जसा खांदा मोडला, तसा जुना हाताळलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हाताने मोडला असता. जगभर तीच सवय. त्याने सुपूर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करायच्या बोलीवर, नमुना नेला, रात्रंदिवस खपून खांदा बदलला. आता तो कसाही बंद केला तरी चालतो. परदेशी लोकांनी तेच पाहून काम दिलं, असं त्याने सांगितलं.

गुन्हा नोंदला की ठाण्यात मिटत नसतो. न्यायालयात दोघांनी मिळून तडजोडीचा अर्ज द्यायचा होता. त्याआधी दोघांना मी माझ्या टेबलाशी बसवलं. सौदा करणं मला येतं. धाकटा म्हणाला, डब्यावर दादाचं नाव छापतो, नफ्यात हिस्सा देतो.

“तुहं नाव तुलेच ठेव,” थोरला म्हणाला. “हिस्साबी नको. मले तो जुना एकदा उघडू दे.”

जुना रोबोट त्याने बंद केला तसाच कपाटात होता. मी तो टेबलावर ठेवला. थोरल्याने चाकांकडून सुरुवात केली, पाय खाली आले. डोकं वर आलं. पण हात निघेनात. बंद करताना छातीतली कळ आपोआप बसते, उघडताना ती शोधावी लागते, आणि ती कुठे असते हे त्याला कधी कोणी दाखवलंच नव्हतं. तो बोटांनी चाचपत राहिला. धाकटा पुढे झाला.

“हात लावू नको,” थोरला म्हणाला.

धाकट्याने हात मागे बांधले आणि उभा राहिला, दुकानाबाहेरच्या पोरासारखा. बाहेर वायरलेसवर कुठली तरी गाडी मागवत होते. बराच वेळ गेला. मग खट् आवाज झाला.

पत्रकार परिषद साहेबाने घेतली. ‘कौशल्यपूर्ण तांत्रिक तपास’ असं पेपरात आलं. फोटोत साहेब, मधे रोबोट. माझ्या नावाऐवजी ‘व इतर कर्मचारी’ असं होतं. बक्षीसही त्यालाच मिळालं. तो पुढे बढतीवर गेला, मी निवृत्त झालो. हे लिहिताना मनात राग नाही असं मी म्हणणार नाही. आहे, आणि तो मला कमी करायचा नाही.

त्या प्रकरणाने मला शिकवलं ते हे. घरातली वस्तू गेली की आपण विचारतो, ती कोणाला हवी होती. मी तेव्हापासून विचारत आलो, ती रोज आवरून कोण ठेवत होतं. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळालं. आणि ज्याने आवरलं त्याचं नाव आधीच घेतलं असतं, तर कित्येक गुन्हे नोंदवायची वेळच आली नसती. हे मी साहेबाला कधी सांगितलं नाही. त्याने विचारलंही नाही.