लाल वाघ

आलापल्लीच्या प्रदर्शनातून एक तैलचित्र ‘वाघ लाल नसतो’ या कारणास्तव उतरवले गेले, तेव्हा मी तेथेच लेखी हरकत नोंदवली: वाघाचा रंग कोणत्या नियमान्वये ठरतो, ते कळवावे. चित्रकार बाई शांतपणे नखांतला रंग खरवडत होत्या.

“असा वाघ पाहिला कुठे?” संयोजकांनी त्यांना विचारले.

“मोहफुलं वेचून राह्यली होती, साहेब. मान वर केली तं समोरच. तवा पट्टे कोन मोजते? भेव जसं दिसलं, तसं काढलं.”

गावातल्या मोहफुले वेचणाऱ्या दोघी दाराशी उभ्या होत्या. संयोजकांनी उतरवलेले चित्र त्यांच्याकडे वळवताच थोरली पुटपुटली, “मांगं सरक, बाई.” दोघी खरोखरच मागे सरकल्या.

संयोजकांनी चित्र पुन्हा टांगले. चित्रकार बाई हसल्या. उत्तर न मिळूनही ज्याचा मला संताप नाही, असा तो माझा एकमेव अर्ज.