सरळ घरी

जोमार गेला.

परवा नाताळ. आमच्याकडे जेवायला येणार होता.

झोपेतच गेला. तिशीसुद्धा गाठली नव्हती. सकाळी ड्यूटीसाठी रूममेटने हाक मारली, तर उठलाच नाही.

तुमच्यापैकी कुणी त्याला ओळखत नाही, म्हणून लिहितेय.

इथे ओमानमध्ये, रुसैलला आमचं मालवाहतुकीचं ऑफिस आहे. जोमार तिथे डॉक्युमेंट्स बघायचा, माझ्या शेजारच्या टेबलावर. फिलिपिनो. बुटका, हसरा, आणि चहात साखर इतकी की चमचा उभा राहावा.

मला चौकशा करायची भारी खोड. आई म्हणायची, आधी हिचं नाक दारातून आत शिरतं, मग ही.

जोमारने माझं नाव ठेवलं होतं, ‘क्वेश्चन मॅम’.

सप्टेंबरात, बाहेर अंगाची लाही होत असताना, हा टेबलावर चांदणी टांगायचा. जुन्या प्लास्टिकच्या फोल्डरची, स्वतः कापून केलेली.

“अरे, नाताळाला किती वेळ आहे अजून!”

“मॅम, आमच्याकडे सप्टेंबर आला की ख्रिसमस आला.”

आम्ही पडलो वसईचे. नाताळ आमच्याइतका कुणाला कळत नाही असा आमचा समज. पण आमच्याकडेही डिसेंबर लागल्याशिवाय बाळ येशूच्या गोठ्यासाठी कुणी गवत आणत नाही हो!

चोवीस तारखेला इथे रात्रीचे आठ वाजले की त्याच्या गावी बारा वाजतात. रूमवर शिफ्टवाले झोपलेले. म्हणून हा ऑफिसच्या पॅन्ट्रीत बसून, व्हिडिओ कॉलवर आई आणि बहिणीबरोबर जेवायचा. माझ्यासाठी डब्यात स्पॅगेटी काढून ठेवायचा.

गोड स्पॅगेटी. वर सॉसेजचे तुकडे.

“जोमार, यात साखर सांडली का कुणाची?”

“मॅम, सणाला गोड नको?”

आता यावर काय बोलणार? पुरणपोळी खाणाऱ्यांनी तर बोलूच नये.

एकदा त्यानेच मला प्रश्न विचारला. “मॅम, ख्रिसमसला तुमच्या घरी वास कसला येतो?”

मी म्हटलं, व्हिनेगर घातलेल्या मटणाचा. आणि नेवऱ्या, म्हणजे आमच्या करंज्या, तळल्याचा. पण तुला कशाला रे?

“ओमानला आल्यापासून मी कुणाच्या घरात गेलोच नाही, मॅम.”

मला आधी खरंच वाटेना. मग आठवून पाहिलं. कंपनीची रूम, कंपनीची बस, ऑफिस, साइटवरची केबिन. खरंच की. घर कुठे होतं त्यात?

त्याच क्षणी आमंत्रण दिलं. पण पंचवीसच्या पहाटेच, सणाच्या सुट्टीत, लांब दुक्मच्या साइटवर बॅचलर लोकांनाच पाठवतात. मागच्या वर्षी गेला. त्याच्या आधीच्या वर्षीही गेला.

यंदा साहेब स्वतः म्हणाले, दुक्म कॅन्सल.

“धिस इयर शुअर, मॅम. इन्शाल्ला!”

माझ्या दारासाठी एक चांदणी बनवून दिली. बिल्डिंग सापडायला म्हणे. पत्ता तर पाढ्यासारखा पाठ होता. “बेकरीच्या वर, फोर्थ फ्लोअर, लिफ्टमधून लेफ्ट. करेक्ट, मॅम?”

करेक्ट.

आता एक गोष्ट सांगते, तीही त्यानेच शिकवलेली.

मागच्या वर्षी आमच्या रिसेप्शनिस्टचे वडील तिकडे गावी वारले. इथे चर्चच्या हॉलमध्ये प्रार्थना होती. परतताना जोमार माझ्या गाडीत होता. टपरी दिसताच ओरडला, “स्टॉप, मॅम!”

“भूक लागली का रे?”

“नो, मॅम. प्रेयरवरून डायरेक्ट घरी नाही जायचं. मेलेला माणूस मागे मागे येतो. कुठेतरी थांबायचं, म्हणजे तो चुकतो.”

आमच्याकडे बरोबर उलटं. मयताहून निघालं की वाटेत कुणाच्या दारात टेकायचं नाही. सरळ घरी, आंघोळ, मग चहा.

“मग या चहावाल्याने काय घोडं मारलंय? त्याच्या मागे गेला तर?”

जोमारने गंभीरपणे विचार केला. “टी शॉपमध्ये गर्दी असते, मॅम. घोस्ट कन्फ्यूज होतो.”

“आणि नाहीच थांबलं तर?”

“मग तो तुमच्या घरी येणार. चहा द्यावा लागेल.”

मी आठवडाभर हसत होते.

आज त्याच हॉलमध्ये जोमारची प्रार्थना झाली. पेपर्स झाले की त्याला गावी पाठवतील. त्याचे मित्र त्याच्या आईला फोनवरून सगळं दाखवत होते. मला त्या बाईला काहीच विचारता आलं नाही. मला, क्वेश्चन मॅमला.

बाहेर त्याचा रूममेट अर्नेल माझ्या गाडीपाशी आला. “मॅम, सगळे टी शॉपला थांबतोय. यू फॉलो, ओके?”

मी मान हलवली.

टपरी आली. त्यांच्या गाड्या वळल्या. मला हात केले. मीही हात केला आणि घराकडचा, अमेरातचा रस्ता धरला.

फोन वाजला. “मॅम! यू डिड नॉट स्टॉप!”

“नाही थांबले, अर्नेल.”

त्याने टपरीवाल्याला ओरडून एक चहा कमी करायला सांगितला.

मग म्हणाला, “ओके, मॅम. शुगर जास्त लागते त्याला.”

तेव्हा मात्र मला रडू आवरेना. डोंगराचा तो रस्ता कसा पार केला, माझं मला माहीत.

पण कुठेही थांबले नाही.

गाडी लावली. मागचं दार उगाचच उघडलं आणि बंद केलं. लिफ्टचं बटण जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. मागे येणारी माणसं लिफ्टने येतात की जिन्याने? हे विचारायचं राहिलंच त्याला.

आमचा एथन दारात उभा. “ममा, कोण आला... आली... समवन इज देअर?”

“आत ये आधी,” म्हटलं.

एथनला वाटलं, त्यालाच म्हणाले.

त्याने दिलेली चांदणी दारावर लावली आहे. मटण मुरत पडलंय, व्हिनेगरचा वास घरभर झालाय. टेबलावर एक कप चहा ठेवलाय, साखर भरपूर.

भावपूर्ण श्रद्धांजली वगैरे आज नाही लिहीत.

घरी पाहुणा आलाय.