पडद्यावरचा नमस्कार

आमच्या पुढच्या खोलीत लोकांचे टॅक्सचे रिटर्न भरून देतात. आधी आमचे हे भरायचे, ते गेल्यापासून सून भरते. सकाळी कॉम्प्युटर लावला की पडद्यावर 'नमस्कार' येतो आणि पुढे यांचं नाव. मी उभ्या जन्मात ते नाव तोंडाने घेतलं नाही. ते यंत्र मात्र मेलेल्या माणसाला रोज हाक मारायचं.

जुनं सॉफ्टवेअर अडकायला लागलं, गिऱ्हाइकं खोळंबली, म्हणून सुनेने दोन-तीन पाहून एक नवं घेतलं. विकणारा म्हणाला, "काकू, हे जुन्यातलं सगळं आपोआप उचलतं."

उचललंच. दुसऱ्या दिवशी नव्या पडद्यावरही तोच नमस्कार, तेच नाव. माझ्या अंगावर काटा आला. माणूस गेला, हे त्याला कोण सांगणार?

"आई, आता माझं नाव टाकते," सून म्हणाली.

"तुझं नको."

"रिकामं चालत नाही हो त्याला. कुणाचं तरी लागतंच."

"मग माझं टाक. तुझी पोरं लहान आहेत."

ती हसली, पण टाकलं. आता रोज सकाळी ते मला बोलावतं. मी भाजी निवडत बसते. अजून ओ दिलेली नाही.