टॅनर स्ट्रीटचं मागचं दार

इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या टॅनर स्ट्रीटवर पुढचं दार वाजवतात फक्त डॉक्टर, वसुलीवाला आणि शवपेटीवाले. बाकी सगळं जग मागच्या बोळातून येतं, थेट स्वयंपाकघरात. घरांची पाहणी करायला लंडनहून आलेल्या माणसाला हे कोण सांगणार? त्याने पुढची दारं ठोठावली, कुणी उघडलं नाही, आणि अख्खी ओळ रिकामी ठरली. रिकामी घरं पाडतात.

आता घरांचा कारभार लंडनच्या हातून सुटून शहराच्याच कचेरीत आला होता. फेरपाहणीला येणार होता शेजारच्या गल्लीत वाढलेला डेरेक हॅस्लम.

"आपलंच पोर, मागून येईल," असं विनीमावशी एन्टविसल गल्लीभर सांगत सुटली होती.

"टाय बांधला की कुणाचा कोण," शेजारची मोना म्हणायची.

त्या दुपारी मावशीने किटली ठेवली. वाफेने काचा धुरकटल्या, आणि मावशीचे डोळे पेंगुळले. वाफेत तिचा नवरा वॉल्टर बसला होता, देवाघरी गेलेला, निवांत बूट काढत. तेवढ्यात खडखड झाली. पुढच्या दारावर.

"कोण गेलं गं?" वॉल्टरने विचारलं.

'मीच की काय,' असं मावशीला वाटून गेलं. त्याची शवपेटी गेल्यापासून ते दार उघडलंच नव्हतं. फुगून चौकटीत घट्ट बसलं होतं. खडखड थांबली. पावलं दूर जाऊ लागली. आता घरही गेलं. मावशीने धावत जाऊन दार ओढलं, पण ते हललं नाही.

वरच्या खिडकीतून मोना कडाडली, "काय रे डेरेक, कोण मेलं?"

"कुणी नाही, मोनाकाकू."

"मग पुढचं दार कशाला बडवतोस? आईने हेच शिकवलं?"

थोड्या वेळाने मागची कडी वाजली. दारात डेरेक, कान लालभडक.

"चुकलं, मावशी."

"बस. लंडनवाल्यांना इथून शिव्या घातल्या तरी त्यांना ऐकू जात नाहीत. तुझं तसं नाही."

"माहीत आहे. मासे-बटाटे मी इथल्याच कोपऱ्यावर घेतो, सगळं कानावर येतं."

मग तो मागच्या दारामागून मागचं दार करत निघाला. प्रत्येक स्वयंपाकघरात वाफ, माणूस आणि नको म्हणता न येणारा चहा. ओळीच्या टोकाला पोचेपर्यंत त्याची चाल बदकासारखी झाली होती.

"भरलेली आहे ओळ," बोळात येऊन तो म्हणाला, "आणि मीही. पाडायची नाही, दुरुस्त करायची."

"सही कुणाची?" मावशीने विचारलं.

"माझीच."

"मग छप्पर गळलं की तुझ्या आईकडेच येते."