मकदूम मिस्त्रीचे पाहुणे

मकदूम मिस्त्रीला माणसांपेक्षा मोटारीच जास्त ओळखतात, असं शेजारचा चहावाला रुद्रप्पा म्हणायचा, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. बायको कमरुन्निसा जाऊन आठ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सोलापुरात हैदराबाद रस्त्याला त्याची शेड होती. दिवस कामात जाई. संध्याकाळ झाली की तीच शेड त्याला खायला उठे.

१९३४च्या थंडीत एका शनिवारी तिथं एक जुनाट मोटार लोकांनी ढकलत आणली. विलायतेतले तीन कॉलेजकुमार अनाथ मुलांच्या दवाखान्यासाठी गावोगाव वर्गणी मागत, इराण-बलुचिस्तान तुडवत इथवर आले होते, आणि आता चाकावरच्या स्प्रिंगच्या कमानीचा पाटा मोडला होता. पुढच्या रविवारी मद्रासला त्यांची मोठी सभा आहे, चुकली तर वर्गणी बुडेल, हे इंग्रजी जाणणाऱ्या पोस्टातल्या बाबूनं मकदूमला समजावून सांगितलं.

पोरं शेडमध्येच राहिली. नाकाडोळ्यांतून पाणी येईस्तोवर ठेचा खाल्ला, वर पुन्हा मागितला. चौघांच्या भाकरी थापताना मकदूमचे हात दुखत, आणि त्याला ते बरं वाटे. गाडी सोमवारीच दुरुस्त झाली होती, पण लबाडानं सांगितलं नाही. रोज तोच पाटा काढायचा, कानस फिरवायची, परत बसवायचा. बुधवारी तिघांतल्या उंच पोरानं कॅलेंडरातल्या रविवारावर बोट ठेवलं आणि नुसतंच त्याच्याकडे पाहिलं. मकदूमला स्वतःची लाज वाटली. तासाभरात त्यानं गाडी रस्त्यावर उभी केली.

मग एक रुपया हिरव्या फडक्यात गुंडाळून त्यानं उंच पोराच्या दंडाला बांधला. हा इमाम जामीन. प्रवासाला निघणाऱ्याला घरची बाई बांधते. माणूस सुखरूप पोचला की सोडून दान करायचा. या घरात बाई नव्हती, आणि आठ वर्षांत घरातून निघणारंही कुणी नव्हतं.

पोराला वाटलं, वर्गणीच. त्यानं तिथल्या तिथं गाठ सोडली, रुपया वर्गणीच्या डब्यात टाकला आणि मिस्त्रीचा काळा हात दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ हलवला. मकदूमचे ओठ हलले. पण मोडका पाटा खुणेनं सांगता येतो, हे कसं सांगणार? मोटार निघून गेली.

"गेलं का पावणं?" रुद्रप्पा चहा घेऊन आला. "पोचल्यावर कागुद धाडतील की. बघ वाट."

मकदूमनं कप हातात घेतला, पण प्यायला नाही.

"आमच्यात दान झालं म्हंजी मानूस पोचलं, रुद्रप्पा," तो म्हणाला. "आता वाट कुनाची बघू?"